गडूतलं पाणी आणि आबांचं घोरणं

आमच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं घोरणं आमच्या ईट गावच्या शिवेपर्यंत ऐकू जातं असं मी सांगितलं, की लोक मला फेकाड्या म्हणतात. म्हणू देत. खरं तर ते शिवेच्या पलीकडं जातं. लोकांना पचावं म्हणून मी कमी करून सांगतो.

घराला लागून माझी पिठाची गिरणी आहे. मधे एकच भिंत. भिंतीच्या एका अंगाला गिरणी, दुसऱ्या अंगाला ओसरी, आणि ओसरीत आबांची बाज. लाईट नसली तरी बायका दळणाचे डबे आणून रांगेला लावायच्या, कारण रस्त्यावरून ऐकणाऱ्याला गिरणी सुरू आहे असंच वाटायचं. लाईट नाही म्हणून मी सांगितलं, की त्या विचारायच्या, मग हे काय चाललंय? मी भिंतीकडं बोट करायचो. एका परगावच्या पाहुणीचा तर माझ्यावर विश्वासच बसला नाही. तिनं ज्वारीचा डबा आबांच्या उशाशी नेऊन ठेवला आणि तासाभरानं पीठ न्यायला आली. अर्धं दळून झालं होतं, असं मी आजही शपथेवर सांगतो.

भूमहून येणारा एसटीचा ड्रायव्हर गावात शिरताना मागची गाडी पुढं जायला बघतीय असं समजून दोनदा बाजूला झाला. आमच्या कणगीत उंदीर नाही. होते, ते शेजारच्या म्हातारबांच्या घरात राहायला गेले. हे शेजारचे म्हातारबा आबांचे लंगोटीयार. दोघांचं वय नक्की कुणालाच ठाऊक नाही. रझाकारांच्या धामधुमीत आपण जाणते गडी होतो, एवढाच दाखला दोघं देतात. आधार कार्डावरची तारीख लिहून घेणाऱ्यानं आबांचे गुडघे बघून ठरवली. तेव्हा नव्वदीच्या पलीकडं बरंच, असं धरून चाला. दोघांची एकच चुरस उरली होती: आधी कोण जातो. आणि आधी जाणारा हरला, हेही ठरलेलं.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र त्या घोरण्याला एक नवीनच खोड लागली. चढणीला लागलेला ट्रॅक्टर माथ्यावर जाऊन बंद पडावा तसं ते एकदम थांबायचं. घर्र, घर्र, घर्र आणि गप्प. पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या बायकोच्या हातातली भाकरी हातातच राहिली, दावणीच्या म्हशीनं रवंथ थांबवला, आणि शेजारून म्हातारबा काठी न घेता पळत आले. आबांनी मग पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा एक मोठा आचका देऊन श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. म्हातारबा काहीसे नाराज होऊन परत गेले.

हळूहळू सवय झाली. घोरणं थांबलं की बायको देवघरातली फुलवात घेऊन यायची आणि आबांच्या नाकाशी धरायची. कापूस हलला की ती चुलीकडं. मीही गिरणीतून कान लावून असायचो. गिरणीचा पट्टा सरकला तर मला आवाजावरून कळतं, वडिलांचा श्वास सरकलेला कळणार नाही का? पण आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट अशी घट्ट बसली होती, की आबा घोरतायत म्हणजे आबा आहेत. या घरात जिवंतपणाचा दुसरा दाखला कधी लागलाच नव्हता. चूक झाली ती तिथंच.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो हुरडा खायला आला होता. आबांनी एकही दात नसताना त्याच्या बरोबरीनं हुरडा खाल्ला, वर तांब्याभर ताक प्याले आणि ओसरीत आडवे झाले. मी गिरणीत होतो, बायको बचत गटाच्या बैठकीला गेली होती, आणि भाऊ आबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. त्यानं बापाचं घोरणं बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. ते थांबतं हे तर त्याला ठाऊकच नव्हतं.

ते थांबलं.

भाऊ म्हणतो, त्यानं शंभरपर्यंत आकडे मोजले. मी म्हणतो, वीसपर्यंत मोजले असतील. घाबरलेला माणूस मधले आकडे गाळतो. त्यानं हाका मारल्या, पण आबांना जागेपणीच कमी ऐकू येतं, तर झोपेत कुठून येणार. आमच्याकडं बाजेवर जीव जाऊ देत नाहीत. शेवटची घटका दिसली की माणसाला खाली घेतात, सारवलेल्या भुईवर, आणि तोंडात तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घालतात. बाजेवर गेला तर मुलांना जन्मभर बोल. भावानं ही रीत पुण्यात राहूनही विसरलेली नव्हती. त्यानं म्हातारबांना हाक दिली, रस्त्यानं जाणारे दोघंतिघं बोलावले आणि आबांना खाली घेतलं. आबांचं वजन आता दळणाच्या मोठ्या डब्याएवढंच. उचलताना ते कुशीवर वळले आणि भावाच्या मांडीला टेकून तसेच राहिले.

आता ऐका. उताणा माणूस कुशीवर वळला, की त्याचा घसा मोकळा होतो. आबांचा श्वास सुरू झाला होता. पण तो आता लहान लेकरासारखा अलगद चालला होता, आवाज न करता. ओसरीतल्या एकालाही वाटलं नाही की नाकाशी हात धरून बघावं. आबा गप्प आहेत, म्हणजे आबा गेले. इतकी सरळ गोष्ट.

गंगेचं पाणी आमच्या देवघरात तांब्याच्या गडूत होतं. आबा आणि म्हातारबा तरणेपणी काशीला गेले होते, तेव्हा दोघांनी एकेक गडू आणला होता, तोंडाला डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून, झाकण कायमचं बंद केलेला. तो उघडायचा फक्त एकदाच. आम्ही लहान असताना त्याला नुसता हात लावला तरी आबा पाठीत धपाटा घालायचे. भाऊ पळत गिरणीत आला, माझ्या अवजारांच्या पेटीतला पेचकस घेतला आणि गेला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. पण गिरणीत उडणाऱ्या पिठानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं. तो पंखा दुरुस्त करत असेल असं समजून मी लक्षच दिलं नाही.

एवढ्यात लाईट गेली. गिरणी थांबली. भिंतीपलीकडून काहीच आवाज नाही. जन्मापासून या घरात राहतो, पण अशी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. मग रडणं ऐकू आलं.

मी तसाच पळालो, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. ओसरी माणसांनी भरली होती. आबा भुईवर कुशीला, ओठांत तुळशीचं पान. गडूचं झाकण पेचकसानं फाडलेलं. एक चमचा पाणी आबांच्या तोंडात गेलं होतं, आणि उरलेलं म्हातारबांनी, इतक्या जुन्या पाण्याचा योग परत नाही म्हणून, जमलेल्यांच्या हातावर तीर्थासारखं वाटून टाकलं होतं. स्वतः दोनदा घेतलं होतं.

कुणीतरी म्हणालं, अंग ताठायच्या आत सरळ करा. मी खांदे धरले, भावानं पाय धरले, आणि आम्ही आबांना उताणं केलं.

आणि आबा घोरले.

साधं नाही. चमचाभर पाणी, तुळस आणि तेवढ्या वेळाची शांतता, सगळं एका दमात बाहेर आलं. तुळशीचं पान उडालं ते माझ्या कपाळावरच्या पिठात चिकटलं. पुढं बसलेला माणूस मागच्यावर पडला, मागचा उंबऱ्याबाहेर. म्हशीनं दावं तोडलं. ठसका लागून आबा जागे झाले, उठून बसले, सगळ्या गावाकडं एकदा बघितलं, माझ्या पांढऱ्या तोंडाकडं बघितलं, आणि मग त्यांची नजर गेली ती म्हातारबांच्या हातातल्या गडूकडं.

"गडू कुणी उघडला?"

भावानं रडत रडत त्यांना मिठी मारली. आबांनी त्याला बाजूला केलं, गडू हातात घेतला, पालथा केला, बोट घालून आतून पुसून बघितलं.

"आता मला जाता येत न्हाय," ते म्हणाले. "कोरड्या तोंडानं म्या जात नसतो."

म्हातारबांनी आपल्या गडूतलं घोटभर द्यायची तयारी दाखवली. आबा म्हणाले, तुझ्या गडूत निम्मं हापशाचं आहे, काशीपासून मला ठाऊक आहे.

बायको बैठकीहून आली. तिला सगळं समजलं तेव्हा तिनं गंभीर तोंडानं धाकट्या दिराला विचारलं, "भावजी, घरात फुलवात असताना गडू कशाला फोडलात?" भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. पण दुसऱ्या दिवशी भावानं बॅग भरली, ती आबांची. तो म्हणाला, दादा, आज वाचले, उद्या खरंच थांबले तर? माझ्या इमारतीच्या समोर दवाखाना आहे. आबा आता पुण्यात राहतील. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ज्यानं स्वतःच्या हातानं बापाला खाली घेतलंय, त्याला झोप कशी येणार.

आबा एकदा पुण्याला आठ दिवस राहून आले होते. आल्यावर तीन दिवस सलग झोपले होते. तेव्हा कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बॅगकडं बघून बोलले.

"तितं म्या घोरलो की शेजारी भिंत वाजवत्यात. हितं म्या घोरायचा थांबलो की माणसं पळत येत्यात. आता तूच सांग, म्या कुठं ऱ्हावं?"

आठ दिवस हा माणूस लेकाला बोल लागू नये म्हणून भिंतीला टेकून जागा बसला होता. भावाला ते तेव्हा कळलं. पण बॅग त्यानं सोडली नाही. शेवटी तडजोड झाली ती माझ्या बहिणीमुळं. ती उमरग्याला दिलेली आहे. तिनं फोनवरून दोघा भावांना झाडलं आणि सांगितलं, की इकडं चांगली डॉक्टरीण आहे, आधी तिला दाखवा, मग कुठं न्यायचं ते ठरवा.

ईटहून उमरगा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. भावाच्या गाडीत आबांना पुढं बसवलं, सीटबेल्ट लावला. भूम गेलं नाही तोवर ते घोरायला लागले. तुळजापूरच्या घाटात पुढच्या ट्रकनं हात दाखवून वाट दिली. हमरस्त्याला लागलो तर हैद्राबादकडं निघालेले दोन टँकर भीतीनं धाब्यावर जाऊन थांबले. मी मागं बसून ऐकत होतो, आणि नळदुर्ग मागं पडल्यावर माझ्या ध्यानात आलं: एवढ्या वाटेत हे घोरणं एकदाही थांबलं नाही. गिरणीच्या भाषेत सांगायचं तर पट्टा एकदाही सरकला नाही. बहिणीच्या घरी पोचल्यावर तिनं आबांना पलंगावर उताणं निजवलं आणि दहाव्या मिनिटाला गप्प. बहीण पांढरी पडली. मी आबांचा खांदा धरून कुशीवर ढकललं. श्वास सुरू. परत उताणं केलं. गप्प. परत कुशीवर. सुरू. बहीण म्हणाली, दादा, बाप आहे तो, रेडिओ नाही.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची होती. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांशी कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत, आणि दोन्हींत सारखीच हसायची. मी तिला सगळं सांगितलं, बैठ्यानं सरळ चालतं, उताण्यानं तुंबतं. तिनं आबांच्या बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा लावायचं एक छोटं यंत्र दिलं. रात्रभर ते बहिणीच्या घरी लावून सकाळी परत नेलं. कागद बघून ती म्हणाली, तुमचा कान माझ्या यंत्राएवढाच खरा आहे. हे वाक्य मी गिरणीत रंगवून घेणार होतो, बायकोनं अडवलं.

तिनं समजावलं ते असं. फार वय झालं की घशातले स्नायू सैल पडतात, दात नसल्यानं जबडा मागं सरकतो. उताणं निजलं की जीभ मागं जाऊन श्वासाची वाट बंद होते. मग शरीर धडपडून ती वाट उघडतं, तोच तो आचका. मला लगेच कळलं. गिरणीच्या तोंडाशी ओली ज्वारी तुंबते, तसंच. गिरणीला एक दणका दिला की सुरू. तिनं हलक्यात घेऊ नका असंही बजावलं, आणि नाकातोंडावर लावायचा, हवा सोडणारा मास्क दाखवला. भावाचे डोळे चमकले. आबांनी तो मास्क हातात घेऊन उलटा सुलटा केला.

"मळणीच्या बैलाला मुसकं घालत्यात, धान खाऊ न्हाय म्हणून," ते तिला म्हणाले. "म्या तर झोपंत काय खातबी न्हाय, बाई."

ती इतकी हसली की बाहेरचा कानडी म्हातारा आत डोकावला. मग म्हणाली, आधी कुशीवर निजवून बघा, उशाची बाजू उंच करा, महिन्यानं दाखवा. नाही जमलं तर मुसकं आहेच. भाऊ म्हणाला, झोपेत कूस बदलली तर कोण बघणार? तीन दुपारी मी स्वतः बसून बघेन. एकदा जरी श्वास थांबला, तर आबा पुण्याला.

आम्ही ईटला परतलो. आता सगळं आमच्यावर होतं. आबांनी पहिल्याच दुपारी झोप लागल्या लागल्या पाठीवर यायची धडपड केली. बायको तेव्हापासून विचारात. तिनं आबांची बंडी उलगडली, छातीवरचा खिसा उसवला आणि तो पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे शिवला. खिसा मागं असलेली बंडी मराठवाड्यात ही पहिली. त्यात काय घालायचं? सुपारी घातली, आबांनी ती झोपेत काढून खाल्ली. लिंबू घातलं, पिळून निघालं. मग मी गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा गोल गुंडाळून दोऱ्यानं आवळला आणि खिशात बसवला. टोचत नाही, पण पाठ टेकू देत नाही. पट्ट्यानं तीस वर्षं गिरणी चालवली होती, आता बापाला चालवायला घेतलं.

पहिली मोजायची दुपार. भाऊ खुर्चीवर, हातात फुलवात, मनगटावर घड्याळ. म्हातारबा पंच म्हणून उंबऱ्यावर. आबा कुशीवर. घोरणं इतकं मवाळ, की लाईट नसताना पहिल्यांदाच एकही डबा आला नाही. फुलवात हलत होती. दोनदा आबा पाठीवर यायला लागले, दोनदा पट्ट्यानं त्यांना माघारी धाडलं. दुसरी दुपारही तशीच. भावाचा हात अवघडून गेला, तरी त्यानं वात खाली ठेवली नाही. मी त्याला मनातून मानलं.

तिसऱ्या दुपारी ऊन कौलांतून उतरलं, ओसरी गार झाली, आणि आदल्या रात्री काळजीनं जागलेला भाऊ खुर्चीतच मागं कलंडला. मान मागं, तोंड आभाळाकडं. फुलवात खाली पडली. आणि मग मी भिंतीपलीकडून ऐकलं ते आबांचं घोरणं नव्हतं. आवाज जरा कोवळा, पण घराणं तेच. घर्र, घर्र, घर्र आणि गप्प.

मी गिरणी बंद करून आलो. बायको चुलीजवळून आली. आबा जागे झाले होते. ते उठून बसले, धाकट्या लेकाकडं बघत राहिले. भाऊ आचका देऊन परत घोरायला लागला, आणि परत थांबला. आबांनी भुईवरची फुलवात उचलली, वाकून त्याच्या नाकाशी धरली. वात हलेना.

"घ्या रं ह्याला खाली," आबा म्हणाले.

म्हातारबा उठलेच. आबांनी हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. गडूत पाणी कुठंय."

बायको पदर तोंडात घालून आत पळाली. भाऊ दचकून जागा झाला तेव्हा त्याच्या नाकाशी फुलवात, समोर बाप, आणि सगळी ओसरी हसत होती. काय झालं ते म्हातारबांनी त्याला सांगितलं, हातवारे करून, थोडं वाढवून. मग भाऊ उठला, आबांची बॅग उघडली आणि त्यातले कपडे एकेक करून परत खुंटीला अडकवले. वर त्यानं आबांनी काढून दिलेली ती पाठीवर खिशाची बंडी अडकवली, खिसा लोकांना दिसेल अशी.

भावानं पुण्यात तपासून घेतलं. त्याला मुसकं लागलं. रोज रात्री ते लावून झोपतो, आणि दर रविवारी आबांना फोनवर चेहरा दाखवतो. आबा बघून म्हणतात, शोभतंय. महिन्यानं आम्ही परत उमरग्याला गेलो. डॉक्टरणीनं कागद बघितला, बंडी बघितली, पट्टा बोटानं दाबून बघितला आणि आणखी दोन म्हाताऱ्यांसाठी माप मागितलं. बायकोनं आजवर सात बंड्या शिवल्यात. माझा जुना पट्टा संपला, आता नवा कापतोय.

राहिला गडू. भावानं बापाची माफी म्हणून गंगाजल मागवलं, ते प्लास्टिकच्या बाटलीत आलं. आबा मला म्हणाले, ह्याचं बूच कुणीबी उघडंल, गडूत भर आणि डाख देऊन आण, मग म्या मोकळा. तेव्हापासून रोज सकाळी चहा पिताना विचारतात, डाख देणारा भेटला का? मी सांगतो, न्हाय आबा, आता ते कारागीर राहिले कुठं. भूमच्या बाजारात विचारलं, न्हाय. ईटात तर कुणीच न्हाय. ते मान हलवतात, म्हणतात, मग थांबावं लागतंय, आणि भाकरी मागवतात. शेजारी म्हातारबाही थांबलेत. त्यांचा गडू बंद आहे, पण आबांच्या आधी जाऊन हरायची त्यांची तयारी नाही.

डाख द्यायची इस्तरी माझ्या गिरणीच्या पेटीत आहे, पेचकसाच्या खाली. त्यावर मी पिठाचं पोतं ठेवलंय.